महमूदच्या आधी

ज्या घरात तीनशे अकरा कान होते, त्या घरात मरायला टेकलेली एक डिस्क महिनाभर कट् कट् करत होती आणि ती एकालाही ऐकू आली नाही. आता कपाळ बडवायचं तर कुणाचं? मी माझंच बडवलं, कारण या गोष्टीतला सगळ्यात मोठा गाढवपणा माझा आहे. पण तो मी लगेच सांगणार नाही. जरा दमानं घ्या.

घर मिरजेतलं, सतार-तंबोऱ्यांच्या दुकानांच्या गल्लीतलं. साल दोन हजार चव्वेचाळीस. घरमालक दस्तगीर शिकलगार, वय शहात्तर, माझा बालमित्र. मी बापू टेंगसे, टेलिफोन एक्स्चेंजमधनं निवृत्त झालेला, म्हणजे ज्याचं खातंही आता कुणाला आठवत नाही असा माणूस. ती माणसं घरात दखनी बोलतात आणि माझ्याशी मराठी. मी सगळं मराठीतच सांगतोय. त्यात निम्म्या शिव्या आपोआप गळतात, त्याला इलाज नाही.

दस्तगीरचा कान तरुणपणी असा होता की, बारा किलोमीटरवर अंकलीच्या पुलावर ट्रकनं हॉर्न मारला की हा इथं कानस थांबवून म्हणायचा, "पांढरी तीन. पण किंचित उतरलाय. बॅटरी बघा म्हणावं." एकदा मी सायकल मारत जाऊन त्या ट्रकवाल्याला गाठलं. बॅटरी खरंच उतरली होती. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

तंबोरा कशावर बोलतो? घोडीवर. भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी तबलीवर जी छोटीशी पट्टी ठेवलेली असते, जिच्यावरनं तारा जातात, ती घोडी. तिची पाठ कानसेनं अशी घासायची की तार तिच्यावर नुसती टेकत नाही, किंचित चाटत जाते. मग एका तारेतनं दहा सूर निघतात आणि खोली भरते. याला जवारी काढणं म्हणतात. कानस एक केसभर कमी चालली तर तंबोरा मुका राहतो, एक केसभर जास्त चालली तर बसतो. घासायला सहा महिन्यांत शिकता येतं. थांबायला तीस वर्षं लागतात.

हे थांबणं शिकण्यासाठी नऊ वर्षांपूर्वी एक यंत्र आलं. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं कानसेच्या मुठीत, भोपळ्याच्या बुडाशी आणि दस्तगीरच्या मनगटावर नखाएवढे तुकडे चिकटवले. दोन वर्षं त्या यंत्रानं फक्त ऐकलं: तार काय बोलते, हात केव्हा थांबतो. मग त्याला वाचा फुटली. दोनच शब्द, दस्तगीरच्याच आवाजात. "अजून." आणि "बास." गल्लीनं त्याचं नाव ठेवलं कान.

त्याच वर्षी कंपनी बुडाली, खोका जळाला. तेव्हा सांगलीच्या आवटीबाईंनी आतलं सगळं वेळेवर काढून आभासी यंत्रात ठेवलं. आभासी यंत्र म्हणजे यंत्राच्या पोटातलं यंत्र. त्याला पत्रा नाही, पंखा नाही. ते दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये एका भल्यामोठ्या फायलीच्या रूपात राहतं आणि समजतं की आपण स्वतंत्र आहोत. घरजावयासारखं.

आणि दोन वर्षांपूर्वी दस्तगीर पूर्ण बहिरा झाला. पन्नास वर्षं कानसेची किरकिर कानाशी, दुसरं काय होणार? कानातलं मशीन लावायला तयार नाही. "त्याचा आवाज तंबोऱ्यात मिसळतो," म्हणे. अरे, पण तुला तंबोरा ऐकूच येत नाही! हे त्याला ओरडून सांगता येत नाही, म्हणून पाटीवर लिहायचं, आणि पाटीवर लिहिलं की राग अर्धा होतो. दुकान त्याची मुलगी रेहाना चालवू लागली. तिचा हात बापाइतकाच सफाईदार. पण थांबायचं केव्हा हे ती कानाला विचारायची, हेडफोन लावून. स्वतःवर भरवसा ठेवायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती.

"मला अब्बांचा आवाज जपायचा नाही, बापूकाका," ती एकदा म्हणाली होती. "तो दिवसभर ऐकतेच, पोट भरलंय. मला त्यांचं थांबणं हवंय. ते गेलं तर दुकान बंद."

आता ते तीनशे अकरा.

दस्तगीरची जुनी सवय होती. एखाद्याचा रद्दी तंबोरा लावला की तो पाव तास आपल्या उस्तादांच्या तंबोऱ्याला कान लावून बसायचा. कान धुणं म्हणायचा त्याला. यंत्राचा कान कसा धुवायचा? तेही प्रत्येक वाद्याकडनं शिकतंच की. वाईट वाद्य लावलं तर वाईट शिकेल. आवटीबाईंनी तेव्हा उपाय सांगितला होता: "काम सुरू करायच्या आधी स्नॅपशॉट घ्या. बिघडलं असं वाटलं तर त्या क्षणाला मागं फिरता येतं. काम नीट झालं की स्नॅपशॉट खाली जिरवून टाका."

तीन वाक्यं. तिसरं कुणी ऐकलं नाही.

शिकलगारांनी त्याला फोटो म्हणायला सुरुवात केली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाआधी एक फोटो काढला. ‘हेब्बारबाईंच्या आधी.’ ‘कोल्हापूरच्या मास्तरांच्या आधी.’ ‘हेब्बारबाई पुन्हा आल्या त्याच्या आधी.’ एकही जिरवला नाही. हेब्बारबाई तीन वर्षांनी येऊन "मागच्यासारखंच हवं" म्हणाल्या तर? आणि पहिल्यावहिल्या फोटोचं नाव होतं, ‘महमूदच्या आधी’.

महमूद म्हणजे दस्तगीरचा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी एका गुरुवारी त्यानं आपल्या हातचा पहिला नर, म्हणजे पुरुषी आवाजाचा, तंबोरा कानापुढं ठेवायला दिला. दस्तगीरनं तो दार लावून एकट्यानं लावला, बाहेर आला आणि म्हणाला, "नापास. कानानं ‘अजून, अजून’चा घोष लावलाय. वर तुझ्या तंबोऱ्यानं माझा कान नासला. आता मला मागं फिरावं लागणार."  दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नमाजासाठी दुकान आणि यंत्र दोन्ही बंद होतं, तेव्हा महमूद पोट दुखतंय म्हणून मागं राहिला. त्यानंतर दहा दुकानं सोडून त्यानं स्वतःचं दुकान मांडलं. तेव्हापासून गल्ली त्याला चोर म्हणते. कान चोरला म्हणून.

चोर म्हणणारा पहिला कोण? मी. त्या शुक्रवारी मी दुकानात शिरलो तर हा यंत्रापाशी उकिडवा बसलेला, हातात डिस्क. मी गल्लीत सांगितलं. सांगताना एकाच्या चार डिस्का झाल्या. माझ्या हातून तसं होतं.

तर काही महिन्यांपूर्वी कान मंदावला. ‘बास’ यायला एक सेकंद, मग दोन, मग चार. चार सेकंदांत कानस किती चालते हे धारवाडच्या हेब्बारबाईंच्या घोडीला विचारा. रेहानानं शेवटचा हात ओढला, हेडफोनमध्ये शांतता, म्हणून अजून एक ओढला, अजून एक, आणि मग बापाचा आवाज आला, "बास." घोडी बसलेली. तार टण्ण करून गप्प. दस्तगीरला काही ऐकू आलं नाही, पण पोरीचा चेहरा दिसला. तो पाटी मागायच्या आधीच तिनं कानस भिंतीवर फेकली.

"आवटीबाईंना बोलवा!"

सुजाता आवटी आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला पिशवी, पिशवीत पेचकस आणि शेंगदाणे.

"किती स्नॅपशॉट आहेत?"

"तीनशे अकरा," रेहाना म्हणाली. थोड्या अभिमानानं.

बाई मटकन खाली बसल्या. तिथं स्टूल होतं म्हणून बरं.

"मी जिरवायला सांगितलं होतं ना?"

"फोटो कशाला पुसायचे, बाई? जागा काय थोडी आहे?"

"फोटो!" बाईंनी समोरचा तंबोऱ्याच्या दांडीवर काढायच्या वेलाचा कागद ओढला. "हा तुमचा मूळ खाका. समजा हे आभासी यंत्र. स्नॅपशॉट घेतला की काय होतं? या खाक्याला कुलूप बसतं. त्यावर पुन्हा रेघ ओढायची नाही. वर एक ट्रेसिंग पेपर येतो, आणि पुढचा प्रत्येक बदल त्या पेपरवर. एक पान वळवलं, तर तेवढंच पान. बाकीचा वेल खालच्या खाक्यातनं दिसतो. दुसरा स्नॅपशॉट, दुसरा पेपर. तिसरा, तिसरा. जिरवला की पेपरवरच्या रेघा खालच्या खाक्यात उतरतात आणि पेपर निघून जातो. आता तीनशे अकरा पेपर एकावर एक ठेवून खालचा वेल बघा बरं डोळे फाडून. चार सेकंद लागतायत हीच त्याची मेहेरबानी."

"पण मागं जायची सोय..." रेहाना म्हणाली.

"मागं जायची सोय आहे, राखण नाही. सगळे पेपर आणि खाका एकाच डिस्कवर. घराला आग लागली तर मागं कुठं फिरणार तुम्ही? घरातच ना?" मग त्या थांबल्या. मान वाकडी केली. "हा आवाज कसला?"

"कसला?" रेहानानं हेडफोन काढला.

कट्. कट्. कट्.

"किती दिवस होतोय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एक बहिरा, एक हेडफोनवाली, एक मी. मी तर स्वतःच बोलत असतो.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कान तिथल्या तिथं बंद केला. "उद्या सकाळी मोठी डिस्क घेऊन येते. आधी सगळ्याची पूर्ण प्रत, दुसऱ्या खोक्यात. मगच बाकीचं. तोवर याला हात लावायचा नाही. कुणीही. यांना लिहून दाखवा."

रेहानानं लिहिलं. दस्तगीरनं वाचलं, मान डोलावली. आणि बाईंची पाठ वळताच, परका माणूस कानाला हात लावणार म्हणून, सात वर्षांच्या शिस्तीला जागून यंत्र सुरू केलं आणि अजून एक फोटो काढला. नाव दिलं, ‘आवटीबाईंच्या आधी’.

त्यावर डिस्कनं प्राण सोडला.

सकाळी बाईंनी ती उघडली. आतल्या चकतीवर गोल चर पडले होते. घोडीवर कानस जास्त चालावी तसे.

"गेलं," त्या म्हणाल्या. "खाकाही गेला, पेपरही गेले."

रेहाना रडली नाही. तिनं पाटी घेतली, त्यावर ‘गेलं’ लिहिलं आणि बापाच्या मांडीवर ठेवली. दस्तगीरनं ती उलटी करून ठेवली.

आणि इथं, मंडळी, मी छाती पुढं काढून उभा राहिलो.

"घाबरू नका," मी म्हणालो. "माझ्याकडे आहे."

महमूद यंत्रापाशी दिसला त्या शुक्रवारपासून सात वर्षं दर शुक्रवारी, दुकान बंद असताना, मी एक डिस्क आणायचो आणि यंत्राची प्रत घरी नेऊन चकलीच्या डब्यात ठेवायचो. कुणी सांगितलं नव्हतं. एक्स्चेंजमध्ये आम्ही तसं करायचो. मी धावत जाऊन डबा आणला. रेहानानं माझ्या पायाला हात लावला. तेवढा एक क्षण मी उपभोगला, खोटं कशाला बोलू?

बाईंनी पाऊण तास बघितलं. मग शेंगदाणे खाल्ले. मग म्हणाल्या, "बापूसाहेब, यात सगळे ट्रेसिंग पेपर आहेत. तीनशे अकराच्या तीनशे अकरा. खाका कुठाय?"

"कुठला खाका?"

"मोठी फाइल. सगळ्यात मोठी. पहिली."

"ती होय? ती पहिल्या शुक्रवारी माझ्या डिस्कवर मावेना. पुढच्या शुक्रवारी मोठी डिस्क आणली, तर बघतो तो काय, फायलीची तारीख जुनीच. बदलतच नव्हती. आठवड्यात जे बदललं तेवढंच मी न्यायचो. जे बदललंच नाही ते कशाला वाहायचं?"

"ती बदलत नव्हती," बाई एकेक शब्द दाबत म्हणाल्या, "कारण तिला कुलूप होतं. कारण सगळं तिच्यावरच उभं होतं. तुम्ही सात वर्षं एका घराची रंगसफेदी नेऊन चकलीच्या डब्यात ठेवलीत, घर सोडून! एक्स्चेंजमध्ये तुम्ही करत काय होता हो?"

सांगितला तो गाढवपणा हाच. आता हसा.

रेहाना डब्याकडे बघत होती. "म्हणजे खाका मिळाला तर? सगळं परत येईल?"

"येईल. पहिल्या स्नॅपशॉटनंतर त्यात एक अक्षर बदललेलं नाही. त्यानंतर कुणीही, कधीही त्याची प्रत घेतली असेल तर ती चालेल. तुम्ही पेपर जिरवले असते तर हे जमलं नसतं. तुमच्या आळसाला नमस्कार. पण प्रत घेतलीय कुणी?"

 रेहानाची आणि माझी नजर दाराबाहेर गेली, डावीकडे, दहा दुकानं पलीकडे.

सात वर्षं ज्या माणसाला आम्ही चोर म्हणत होतो, तो खरोखरच चोर असावा म्हणून देवाची करुणा भाकायची वेळ आली होती.

महमूद तारा ओढत बसला होता. "या, या. चोराच्या दुकानात पोलीस नाही आणलात?"

"चाचा," रेहाना म्हणाली, "तुम्ही तेव्हा कान घेतला होता का?"

"नाही."

"नीट आठवा ना."

"सात वर्षं आठवतोय, दुसरा धंदा काय मला? मी चोर नाही. तुझ्या बापाला जाऊन सांग."

मी म्हणालो, "अरे महमूद, अगदीच नाही असं कसं? थोडासा तरी चोर असशील."

"बापूकाका, तुम्ही तर बोलूच नका. चार डिस्का नेल्या म्हणून गल्लीभर कुणी सांगितलं?"

"चुकलं. एकच होती."

"एकच होती!" महमूद ओरडला. आणि मग त्यानं जीभ चावली.

 रेहानानं ओढणीत तोंड लपवलं, हसू की रडू, मला समजलं नाही.

"भाईजाननं स्वतः यावं," महमूद शेवटी म्हणाला. "तोपर्यंत मी चोर नाही."

आता दस्तगीरला हलवायचं. पाटीवर चार वेळा लिहिलं, चार वेळा त्यानं पुसलं. "मी? चोराच्या दारात?" रेहानानं पाचव्यांदा लिहिलं, आणि खडू इतका दाबला की मोडला: ‘दुकान बंद करू?’ आवटीबाईंनी घड्याळ बघून खाली जोडलं: ‘मला अजून कामं आहेत.’

दहा दुकानं. म्हातारा त्यात चारदा थांबला. गल्लीतल्या सगळ्या कानसा बंद पडल्या होत्या. महमूदच्या उंबऱ्यावर उभा राहून तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"सात वर्षं तुला चोर म्हणालो. अल्ला करो, ते खरं निघो."

असली क्षमायाचना मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. महमूदनंही नसावी. त्यानं कपाळाला हात लावला, आत गेला आणि भिंतीवरचा एक तंबोरा उतरवला. तोच, पहिला. सात वर्षं तिथं टांगलेला, कुणी घेत नाही असा.

"याच्या भोपळ्यात आहे," तो म्हणाला. "कापडात गुंडाळून आत चिकटवलीय. म्हणून हा कधी धड बोलला नाही."

"पण चोरलीस कशाला?" मी विचारलं.

"कानानं माझ्या तंबोऱ्याला काय म्हटलं ते मला स्वतः बघायचं होतं. घरी चालवून बघितलं. दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी होत्या, कुणाकुणाच्या. माझीच नव्हती." तो करवतीनं भोपळा कापत होता, वर बघत नव्हता. "नापास तर नापास लिहायचं. नावच नाही? मग म्हटलं, राहा आत."

हे पाटीवर कुणी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरच्या दुकानात आम्ही सगळे जमलो. महमूद उंबऱ्याच्या आत होता, पण आतल्या कडेला. बाईंनी खाका बसवला. त्यावर माझ्या डब्यातले पेपर एकेक करून चढले.

"सगळे लागले," बाई म्हणाल्या. रेहानानं डोळे मिटले. "पण एक उरलाय."

"उरलाय म्हणजे?"

"डब्यात तीनशे बारा आहेत. हा पहिल्या शुक्रवारचा. साखळीत कुठं बसत नाही." त्यांनी चष्मा वर केला. "तुम्ही मागं फिरता तेव्हा वरचा पेपर फेकला जातो. हा फेकलेला पेपर आहे. दुकानानं फेकायच्या आधी बापूसाहेबांनी उचललेला."

"तरीच!" मी म्हणालो. "माझ्यामुळं..."

"तुम्ही गप्प बसा. बघायचा का?"

गुरुवारी चढलेला पेपर. म्हणूनच महमूदनं नेलेल्या नुसत्या खाक्यात त्याचा तंबोरा नव्हता. कुलूप आधी लागलं, तंबोरा नंतर लागला. त्याची नोंद सात वर्षं माझ्या चकलीच्या डब्यात होती आणि तो मला रस्त्यात बघून थुंकायचा.

बाईंनी खाक्यावर फक्त तेवढा एक पेपर चढवला आणि वाचलं: "महमूद शिकलगार. नर तंबोरा, काळी एक. शेवटचा शब्द: बास."



रेहानानं पाटीवर ‘बास’ लिहिलं आणि बापासमोर धरली. पाटी त्याच्या नाकाला लागायची तेवढी बाकी होती.

"मला काय दाखवतेस?" दस्तगीर म्हणाला. "मी होतो तिथं. कान ‘बास’ म्हणत होता. मला ऐकू येत होतं, जवारी अजून बंद आहे. म्हटलं, या पोराच्या तंबोऱ्यानं यंत्र बिघडवलं. बाहेर येऊन सांगितलं, कानच ‘अजून’ म्हणतोय. माझं म्हणणं त्याच्या तोंडी घातलं. यंत्र खोटं असेल, पण मी?" तो बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिला. "वरचे सूर माणसाचे आधी जातात. हळूहळू जातात. कळत नाहीत. माझे कधी गेले? तेव्हाच गेले होते काय रे, महमूद?"

महमूदनं उत्तर दिलं असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं. महमूद उठला, त्यानं पाटी आणि खडू घेतला, आणि काही न लिहिता ती परत ठेवली.

बाई खाकरल्या. "आता मला सांगा. याचा एकट्याचा पेपर त्या तीनशे अकरांत मिसळता येत नाही. फांदी वेगळी आहे. एक तर हा आणि मूळ खाका, म्हणजे सात वर्षांपूर्वीचा ताजा कान. नाही तर सगळी साखळी, म्हणजे सात वर्षांची कमाई. त्यात यांचा उतरत गेलेला कानही आलाच. रोज चालवायचा एकच. मी पुन्हा साखळी होऊ देणार नाही."

सगळे रेहानाकडे बघायला लागले. तिनं बापाकडे बघितलं. तो खिडकीतनं बाहेर बघत होता, ज्याला काही विचारलेलंच नाही अशा माणसासारखा.

"साखळी," ती म्हणाली. "जिरवा सगळी. गिऱ्हाइकं तिच्यात आहेत. आणि अब्बा थकले म्हणून त्यांचे शेवटचे दिवस कापून टाकायचे, असं नाही करायचं मला. जिथं चुकेल तिथं मी बघेन."

"तू?" मी म्हणालो.

"मग कोण? तुम्ही?"

जिरवायला पूर्ण दिवस लागला. ‘हेब्बारबाईंच्या आधी’ गेलं, ‘मास्तरांच्या आधी’ गेलं. सगळ्यात तळाशी होतं ‘महमूदच्या आधी’, तेही गेलं. आता मागं फिरायला महमूदच्या आधीची जागाच उरली नाही. दस्तगीरनं विचारलं, सगळे गेले? बाईंनी पाटीवर लिहिलं, गेले. तो म्हणाला, "हलकं वाटतंय." कुणाला, ते सांगितलं नाही.

मग पूर्ण प्रती, रोज रात्री आपोआप ताज्या होणाऱ्या. एक दुकानात, दुसऱ्या खोक्यात. एक बाईंच्या घरी, सांगलीत. तिसरी महमूदच्या दुकानात, आणि वर बाईंचा हुकूम: वर्षातनं एकदा ती प्रत आणून इथं चालवून बघायची, दोघा भावांनीही हजर राहायचं. "जी प्रत कधी उघडून बघितली नाही, तिला प्रत म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "मनोरा म्हणतात. वाळूचा." माझ्याकडे एकही दिली नाही. विचारलंसुद्धा नाही.

महिनाभरानं महमूदचा तो तंबोरा कानापुढं आला. भोपळा दस्तगीरनंच जोडला होता, असा की जोड बोटाला लागत नव्हता. नवी घोडी बसवलेली. रेहानानं हेडफोन लावला. काम सुरू करायच्या आधी सवयीनं तिचा हात स्नॅपशॉटच्या बटणाकडे गेला, आणि तिनं तो मागं घेतला.

कानस चालू लागली. महमूद उभा, दस्तगीर बसलेला, दोन बोटं भोपळ्याला लावून. ती घासायची, तार लावायची, छेडायची, पुन्हा घासायची. तासाभरानं तिनं तार छेडली आणि खोली भरली. मला संगीतातलं फारसं कळत नाही, पण बाहेरची गल्ली गप्प झाली एवढं कळलं. रेहाना थांबली. हेडफोनमध्ये काही ऐकलं. कपाळाला आठी पडली. कानस घोडीवर टेकवली.

मग तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला, तार पुन्हा छेडली, उघड्या कानानं ऐकली, आणि कानस खाली ठेवली.

"काय म्हणाला?" दस्तगीरनं मोठ्यानं विचारलं. "कान काय म्हणाला?"

महमूदही बघत होता. सात वर्षं बघत होता.

रेहानानं पाटी घेतली आणि लिहिलं, ‘बास’.

दस्तगीरनं ते दोनदा वाचलं आणि भोपळ्यावरची बोटं काढली. महमूद खाली बसला, भिंतीला टेकून.

संध्याकाळी मी नोंद उघडून बघितली. मला राहवतं होय? ‘शेवटचा शब्द: अजून.’ आता त्या नोंदीच्या तीन पूर्ण प्रती आहेत, त्यातली एक महमूदच्याच दुकानात, आणि ती कुणालाही पुसता यायची नाही. वर्षाखेर दस्तगीरच्या दुकानात बसून त्या तिघांनी ती वाचली की काय होईल, या विचारानं मला आत्तापासूनच झोप येत नाही.

मी रेहानाला सांगितलं. ती तारा गुंडाळत होती.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण पाटीवर मी माझं लिहिलंय, बापूकाका."

ती पाटी अजून दुकानात भिंतीला आहे. तिच्यावर ‘बास’ आहे, आणि पुसायची तिनं सगळ्यांना मनाई केलीय. दस्तगीरशी बोलायला आता नवी पाटी आणावी लागली.